मुलांसमोर त्यांच्या आईचे नाव घ्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी मधल्या मारुतीजवळ बाजारहाट करताना, माझ्या दिवंगत पत्नीबरोबर टॉवेलच्या कारखान्यात काम केलेल्या एक बाई भेटल्या. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीकडे पाहताच त्या म्हणाल्या, “अगं बाई, हिची उभं राहायची ढब तर अगदी...” आणि तिथेच त्यांनी जीभ चावली, मुलीच्या गालावरून हात फिरवला व विषय महागाईकडे वळवला. त्यांच्या मनात मायाच होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु घरी पोहोचेपर्यंत मुलगी मला विचारत राहिली, “अगदी कुणासारखी, बाबा?” उत्तर तिला ठाऊक होते, ते तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचे होते.

पत्नी जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हा मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा अवघा दोन वर्षांचा होता. पत्नीचे माहेर सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातले असल्यामुळे, टॉवेलच्या घड्या घालून डझन मोजताना ती ‘ओकटी, रेंडू, मूडू’ असे तेलुगूतच पुटपुटत असे, आणि आज मुलगी गणिताचा गृहपाठ करताना ओठ हलवीत त्याच आकड्यांनी मोजते. तिने ते ऐकलेले आहे, म्हणून त्याचे एवढे नवल वाटत नाही. नवल वाटते ते मुलाचे. त्याला आई आठवतच नाही. तरी झोपताना तो आमच्या जुन्या सोलापुरी चादरीचा, धुऊन धुऊन मऊ झालेला कोपरा दोन बोटांत धरून वरच्या ओठावर फिरवत राहतो. हीच सवय पत्नीला होती, आणि तिचा तिला इतका संकोच वाटे की माझ्याशिवाय ती कुणालाच ठाऊक नव्हती. तिच्या कुशीत झोपता झोपता त्याने ती उचलली असेल की ती रक्तातूनच आली असेल, हे मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा ते दिसले त्या रात्री मी उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो होतो. आता मी उठत नाही. “तुझी आईही असंच करायची,” असे मी त्याला सांगतो आणि तो दर वेळी विचारतो, “कोणत्या बोटांनी?”

मुलांमध्ये त्यांची आई दिसते, याचा आधार मला फार मोठा आहे. मात्र त्या आधाराचे ओझे मुलांवर टाकण्याची चूक घरोघरी होते आणि ती माझ्याही हातून झाली. दिवसकार्याला आलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी मुलीला म्हणाले, “आता तूच धाकट्याची आई.” त्या रात्री ती सहा वर्षांची पोर स्वतः न जेवता भावाला भरवत बसली. पुढे मीच तिला पत्नीसारखा मधोमध भांग पाडून एक वेणी घालण्याचा आग्रह करू लागलो. एके सकाळी आरशासमोर तिने शांतपणे सांगितले, “बाबा, मला दोन वेण्या हव्यात.” तेव्हा माझे मलाच उमगले.

शाळेबद्दल लिहिणे मात्र भाग आहे. गेल्या वर्षी वर्गात ‘माझी आई’ हा निबंध दिला, तेव्हा बाईंनी मुलीला जवळ बोलावून ‘माझी आजी’ लिहायला सांगितले. हेतू तिला रडू येऊ नये हाच असणार; पण तिने घरी येऊन वहीच्या मागच्या पानांवर आईविषयी दीड पान लिहिले, आणि त्यातले “माझी आई टॉवेल मोजताना कधीच चुकायची नाही” हे वाक्य मी आजही कुणाला वाचून दाखवू शकत नाही. त्याच शाळेने संक्रांतीनंतर माता-पालकांचे हळदीकुंकू ठेवले. ‘आईने उपस्थित राहावे’ ही चिठ्ठी मुलीने दप्तराच्या तळाशी दडवली होती. एक पालक गमावलेल्या मुलांना दरमहा साहाय्य देणाऱ्या शासनाच्या बालसंगोपन योजनेसाठी मी याच शाळेच्या कार्यालयातून दाखला नेला होता. म्हणजे शाळेला सारे ठाऊक होते. अशा समारंभात विधवा मातांची मुलेही अशीच अवघडून उभी राहतात. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाला जे सुचले ते शहरातल्या शाळांनाही सुचावे. चिठ्ठीवर ‘आईने’ऐवजी ‘पालकाने’ असा एक शब्द बदलावा आणि ज्या मुलाला आईवर लिहायचे आहे, त्याला लिहू द्यावे, एवढीच माझी शिक्षकांना विनंती आहे. लिहिताना मूल रडले तर रडू द्यावे. घरीही आम्ही कधी कधी रडतो आणि मग जेवायला बसतो.

आता गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीच्या वेळची आमच्या सिद्धेश्वरांची यात्रा, जवळ आली आहे. तिच्यातल्या अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे प्रतीकात्मक विवाहाच्या दिवशी पत्नी तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याजवळ पहाटेपासून जागा धरून बसत असे आणि तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणीही तिथेच जमत. यंदा मी दोन्ही मुलांना घेऊन त्याच जागी जाणार आहे. ओळखीचे चेहरे भेटतील, मुलांकडे पाहून कुणाच्या तरी ओठांवर ‘अगदी’ हा शब्द येईल. त्यांनी कृपया जीभ चावू नये. तिचे नाव घेऊन वाक्य पुरे करावे, आणि ती कारखान्यात कशी हसायची, कुणाशी भांडायची, डबा उघडल्यावर आधी काय खायची, हे जे मला ठाऊक नाही, तेही मुलांना सांगावे.

आपला,
एक पालक, सोलापूर