मीटर आणि फ्लोट जोडीनेच घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. तेव्हापासून खळ्यात, गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली पडलेल्या जीप आणि अ‍ॅम्बेसेडर माझ्या कामाच्या जागी येऊ लागल्या आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. मालक रंगावर, सीटवर, क्रोमवर सढळ हाताने खर्च करतात. पेट्रोलच्या मीटरची वेळ आली की मात्र एका दुकानातून मीटर आणि दुसऱ्या दुकानातून टाकीत तरंगणारा फ्लोट आणला जातो.

टाकीतला फ्लोट वर-खाली झाला की त्याला जोडलेल्या भागाचा, म्हणजे सेंडरचा, विजेचा रोध (ओहममध्ये मोजतात तो) बदलतो आणि त्या रोधाप्रमाणे डॅशबोर्डवरचा काटा हलतो. हे माप सगळ्या गाड्यांचे सारखे नसते. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रिकाम्या टाकीला ० ओहम, भरलेल्या टाकीला ९०. त्याआधीच्या गाड्यांत ० ते ३०. जुन्या फोर्डमध्ये क्रम उलटा, रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १०. ‘कोणत्याही गाडीला चालेल’ म्हणून विकले जाणारे मीटर बहुधा रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहमचे असतात.

सावद्याकडच्या एका केळी बागाईतदारांच्या गाडीत असा २४०-३३ चा मीटर होता आणि टाकीत ० ते ९० चा फ्लोट. टाकी गच्च भरली तरी काटा अर्ध्याच्या जरासा वर. पेट्रोल संपत जाईल तसा काटा चढत जाई, आणि टाकी कोरडी पडली तेव्हा तो ‘फुल’च्याही पुढे गेला होता. मे महिन्याच्या भर दुपारी, घरातली म्हातारी माणसे सोबत असताना, गाडी एरंडोलच्या अलीकडे महामार्गावर बंद पडली. दोन्ही वस्तू कोऱ्या होत्या आणि वायरिंगही चांगले होते. फक्त त्यांची जोडी जुळत नव्हती.

मध्ये रेझिस्टन्स घालून भागवता येते, असे काही कारागीर सांगतात. थोडेफार भागतेही. समजा मीटर ७३-१० चा आहे आणि सेंडर २४०-३३ चा. सेंडरला समांतर १०५ ओहम जोडले तर रिकाम्या टाकीला बरोबर ७३ मिळतात. पण भरलेल्या टाकीला १० ऐवजी २५ मिळतात, म्हणून काटा ‘फुल’ला कधीच पोचत नाही. फसवायचेच असेल तर वरच्या टोकाला फसवावे, खालच्या टोकाला काटा खरा हवा. इतकी सवलत मी देतो. क्रमच उलटा असेल तिथे मात्र असा कोणताही जोड चालत नाही, सेंडर बदलावाच लागतो.

मीटरला दोष देण्याआधी अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली विजेची जोडणी, तपासावे. रंगकाम करणारे टाकी इतकी जाड रंगवतात की सेंडरच्या कडेला अर्थिंग मिळत नाही. साठीच्या दशकातल्या अनेक इंग्लिश गाड्यांत, गरम झाल्यावर वाकणाऱ्या पट्टीचे मीटर असतात. त्यांना डॅशबोर्डामागचा स्टॅबिलायझर सरासरी १० व्होल्ट पुरवतो. त्याचे अर्थिंग सुटले की पेट्रोल आणि पाण्याचे तापमान असे दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवतात. दोन्ही मीटर एकाच दिवशी बिघडले असे कोणी म्हणाले, तर आधी तिथे हात घालावा. आणि मीटर तपासताना सेंडरची वायर बॉडीला क्षणभरच टेकवावी, धरून ठेवू नये. त्या पट्टीवरची तार जळते आणि मूळ मीटर पुन्हा मिळत नाही.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे की मीटर आणि फ्लोट, दोन्हींच्या खोक्यावर ‘रिकामी’ व ‘भरलेली’ या दोन स्थितींचे ओहम छापावेत, आणि जुळणारी जोडी नसेल तर तसे ग्राहकाला सांगावे. मालकांनी जुना सेंडर फेकण्याआधी मल्टिमीटर लावून त्याची दोन्ही टोके मोजून वहीत लिहून ठेवावीत. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना हे मोजमाप एकदा तरी स्वतःच्या हाताने करायला मिळावे. त्यांच्यापैकी कोणाला शिकायचे असेल, तर माझ्या बाकावर जुने सेंडर पडून आहेत. दुकान रविवारीही उघडे असते.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, आग्रा रोड, धुळे