टोकन द्यायच्या आधी गाडीखाली शिरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत जुन्या टू-सीटर गाड्यांचे फोटो आले आणि तेव्हापासनं आमच्या ओळखीतली पोरं त्याच नादात आहेत, नाद वाईट नाही, मलाही या गाड्या जीव की प्राण, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून टोकन पाठवायला लागलेत हे बघवत नाही म्हणून हे पत्र.

जुन्या गाडीत इंजिनला घाबरू नका. ते उतरवून काम करता येतं, आपल्याकडं चांगले मिस्त्री आहेत. खरा पैसा खातो तो पत्रा. एमजीबी ही ब्रिटिश टू-सीटर घ्या, १९६२ ते १९८० मध्ये बनलेली, हिला वेगळी चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नाही, दाराखालची सिल म्हणतात ती पट्टीच गाडीचा भार घेते, ती आतनं कुजली की गाडी मधनं बसते आणि वरनं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला की फोटोत काय कळणार? भाच्याबरोबर पुण्याला अशीच एक लाल गाडी बघायला गेलो. रंग एकदम काचेसारखा. पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून सिलवरनं फिरवलं तर मागच्या चाकाजवळ वीतभर जागेत धरेचना, घसरून खाली, म्हणजे तिथं पत्रा नाही, लांबीच. मग जॅक चढवला तशी दाराची वरची फट मिटत गेली आणि दार उघडेना. मालक म्हणाला, बिजागरी आवळायची राहिलीय. आम्ही तिथनंच परत फिरलो.

सॅन स्टॉर्म या देशी टू-सीटरसारख्या फायबर बॉडीला चुंबक लावून उपयोग नाही, ती रॅम्पवर घेऊन खालचं लोखंड टॉर्चनं बघायचं.

सांगलीकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाण्यात बसलेली गाडी कुठलीही असो, धुऊन पुसून विकायला येतेच, म्हणून कार्पेट उचला, सीटचे बोल्ट बघा, हेडलाइटच्या आत गाळाची रेघ आहे का बघा, वायरिंगच्या जोडावर हिरवट गंज दिसला तर सगळं वायरिंग बदलायचा खर्च धरूनच भाव बोला.

जाताना मालकाला सांगून ठेवा, गाडी आम्ही आल्यावर चालू करायची, गार इंजिन चालू करतानाच खोड कळते. बॉनेट आधीच गरम असेल तर गार होईपर्यंत थांबा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि एक, १९६७ पर्यंतच्या एमजीबीला पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर न कुरकुरता पडावा म्हणून आत असलेली सोय, नसतो, चालत्या गाडीत तो कुरकुरला तर दोष नाही, दुसरा कुरकुरला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार.

आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पण मग ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढायची. रोज विश्रामबागेतनं मिरजेला जायला घेणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं.

संपादक साहेब, पुढच्या वेळी अशा गाडीचा फोटो छापाल तेव्हा शेजारी एक फोटो खालनं काढलेलाही छापा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली