गजाची दांडी कोरत नाहीत, वाकवतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला फ्रेंच गजकारागिरावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण व्हायोलिनच्या गजाला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचला आणि डोकं तापलं. रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी शिकवण्या सुरू व्हायच्या आधी लिहायला बसलो आहे.

लेखात म्हटलंय की या कारागिराने ‘लाकडातून कमानदार दांडी कोरून काढली’. साफ चूक. फ्रांस्वा झाव्हिये तूर्त (आपण ‘टौर्टे’ छापलंत; उच्चार आपल्या ‘तूर्त’ या शब्दासारखाच आहे) यांनी दांडी सरळ तासली आणि मग आगीवर धरून वाकवली. कोरून आणि वाकवून यात फरक तो काय, असं कुणाला वाटेल. कमान कोरून काढली की लाकडाचे धागे मधेच तुटतात आणि दांडी नेमकी बारीक जागी दगा देते. वाकवली तर धागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग राहतात आणि गजाला जी उसळी लागते ती तिथून येते. तूर्त यांचं मोठेपण या एका गोष्टीत आहे, आणि लेखात तीच उलटी छापली गेली.

हे मी इतकं मनाला का लावून घेतो, ते सांगतो.

1994 सालची गोष्ट. माझ्या गुरुजींकडे एक जुना फ्रेंच गज होता. तूर्तचा नव्हे, तेवढं कुणाचं भाग्य! मिरकूर गावच्या कारखान्यातला, साधाच, पण हाताला असा की विलंबितात एका गजात अख्खी ओळ निघायची. मुंबईच्या एका गोवेकर वादकाकडून त्यांनी तो हप्त्याहप्त्याने पैसे देऊन घेतला होता. गजाला ताणून लावलेले घोड्याचे केस झडले होते, म्हणून बदलायला मी तो मुंबईच्या एका दुकानात दिला. आठ दिवसांनी आणायला गेलो. दुकानदाराने कागदात गुंडाळलेला गज पुढे केला आणि म्हणाला, “दांडी वाकली होती, सरळ करून दिलीय. त्याचे पैसे नाही लावले.”

मी कागद उघडला. दांडी फूटपट्टीसारखी सरळ. टोकाजवळ बोटभर जागा काळपट पडलेली, तिथलं रोगण फुगलेलं. त्या माणसाच्या मनात खोट नव्हती, त्याला खरंच वाटलं की आत गेलेला बाक म्हणजे बिघाड. रात्रीच्या एसटीने मिरजेला आलो, तो गज मांडीवर घेऊन. गुरुजी रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्क्रू फिरवून केस ताणले, तर दांडी बाहेरच्या बाजूला पोक काढून उभी राहिली आणि केस तारेवर लोळायला लागले. एक षड्ज लावला. गज मधोमध पोचला की थरथरायचा. त्यांनी केस सैल केले, गज पेटीत ठेवला आणि म्हणाले, “चहा घेऊन जा.”

पुढे मडगावच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे तो नेला. त्याने स्पिरिटचा दिवा लावला आणि दांडी ज्योतीच्या वर, ज्योत लागणार नाही अशी, पुढेमागे फिरवत राहिला. मधेच ती खालच्या ओठाला लावून ऊब बघायचा आणि परत धरायचा. मला वाटलं आता वाकवेल, आता वाकवेल; पण तो घाई करीना. म्हणाला, “उजो भितरमेरेन पावूंक जाय.” आग आतपर्यंत पोचली पाहिजे. मग टेबलाच्या कडेवर दांडी टेकवून अंगठ्यांनी दाबली आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवली. असं इंच इंच करत दुपार गेली. बाक आला. पण काळ्या पडलेल्या जागी एक पीळ राहिला, तो गेला नाही. गुरुजींनी त्या गजावर पुन्हा मैफलीत विलंबित वाजवलं नाही.

बरीच वर्षं गेल्यावर मला कळलं की म्हाताऱ्याचं ते वाक्य तूर्त यांच्या कामाचं मर्म होतं. फेतिस या संगीत-इतिहासकाराने 1856 च्या त्यांच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की तूर्त दांडी गाभ्यापर्यंत तापवत. वरवर तापवून वाकवलेली दांडी काही दिवसांनी बाक सोडते.

आता लेखातला दुसरा शब्द, ‘अडाणी सुतार’. तूर्त यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, असं फेतिसच सांगतात. पण ते घडवले गेले घड्याळजीच्या कामात, आठ वर्षं. केसाएवढ्या फरकाची किंमत तिथे हाताला कळते. वडील आणि थोरला भाऊ आधीपासून गज करणारे, म्हणजे लेखातलं ‘गजाचा शोध लावला’ हेही बरोबर नाही. गज आधी होतेच. व्हिओत्ती हा इटालियन व्हायोलिनवादक 1782 साली पॅरिसला आला, त्याच्यासारख्या वादकाला काय हवंय ते ऐकून घेऊन तूर्त यांनी गजाची लांबी, वजन, बाक, केसांची रुंद पट्टी हे सगळं अशा जागी आणून बसवलं की आजतागायत कारागीर त्याच मापांभोवती काम करतात. पुढे व्हियोम या वाद्यकारागिराने त्यांच्या दांड्या मोजल्या. फ्रॉगकडचा (फ्रॉग म्हणजे हाताकडच्या टोकाला केस अडकवायचा ठोकळा) 110 मिलिमीटरचा भाग सारख्या जाडीचा, 8.6 मिलिमीटर, तिथून बारीक होत होत टोकाला 5.3. आणि ही उतरण चक्क गणिताच्या नियमात बसणारी निघाली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी हे नुसत्या डोळ्याने आणि बोटाने साधलं होतं. अशा माणसाला अडाणी म्हणू नये, संपादक महाराज. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर आहेत, त्यांच्यापुढे बसून हा शब्द कुणी उच्चारून दाखवावा.

लेखाचा अर्धा भाग लिलावातल्या किमतींनी भरलाय. त्याऐवजी एवढं तरी लिहायचं होतं की त्यांचा साधा गज 36 फ्रँकला मिळे, आणि जरा जरी खोट निघाली तरी ते तयार गज मोडून टाकत. लाकूड पर्नाम्बुकोचं, ब्राझीलहून रंगासाठी येणारं, आपल्या पतंगाच्या लाकडाच्या जातकुळीतलं. गाठीगाठींचं. आठ-दहा हजार किलोंच्या ढिगातून जेमतेम काही तुकडे गजाला चालत. केसांचं काम त्यांची मुलगी करी. दहातला एखादा केस पसंत पडायचा. ते केस साबणाच्या पाण्यात, मग कोंड्याच्या पाण्यात आणि शेवटी नीळ घातलेल्या पाण्यात धुवायचे. हे वाचलं आणि मला आईने नीळ घालून वाळत टाकलेली आजोबांची धोतरं आठवली. घरातल्या त्या मुलीचा आपल्या लेखात उल्लेखसुद्धा नाही.

गजावर ते आपलं नाव सहसा उमटवत नसत. 1824 सालच्या एका गजात मात्र चिठ्ठी सापडली आहे, हा गज तूर्तने सत्त्याहत्तराव्या वर्षी केला, अशा मजकुराची. 1835 साली ते गेले.

फोटोबद्दलही बोलायला हवं. खाली ‘व्हायोलिनचा गज’ असं लिहिलंय, पण फोटोतल्या फ्रॉगचा मागचा कोपरा गोल आहे. तो व्हायोला किंवा चेलो या व्हायोलिनच्या थोरल्या भावंडांपैकी एकाचा गज आहे. माझ्याकडे येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीनेही ते ओळखलं.

आणि विषय निघालाच आहे म्हणून: आमच्या आवृत्तीत दर सोमवारी मैफलींचं वृत्त यायचं, ते गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. त्याबद्दल मी दोन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. ज्या भागात गजाननबुवा जोशींचं आणि दातारांचं व्हायोलिन ऐकून लोक मध्यरात्री पायी घरी गेलेत, त्या भागातल्या वाचकांना गावात काल कोण वाजवून गेलं हे आपल्या पेपरातून कळू नये, याचं वाईट वाटतं.

विनंती एवढीच की दांडीबद्दलची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापा, आतल्या कोपऱ्यात नको. तुमचा लेख वाचून कुणीतरी माळ्यावरचा आजोबांचा गज खाली काढेल आणि केस बदलायला दुकानात नेईल. त्याला माहीत असू दे की तो बाक मुद्दाम दिलेला आहे, आणि दुकानदाराला सांगू दे, केस बदला, दांडीला हात लावू नका.

आपला,
एक व्हायोलिनशिक्षक, मिरज