मोठे न्यायाधीश आणि कानगोष्टी : कायदामंत्र्यांना खुले पत्र

माननीय कायदामंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सा. न. वि. वि.

आमच्या वाड्यावरच्या एका काकींच्या घरची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्तेची वाटणी करण्याचे प्रकरण, न्यायालयात कित्येक वर्षे रखडली आहे. परवा एका पुढाऱ्याने त्यांना "मोठ्या न्यायाधीशांच्या कानावर घालतो" असा दिलासा दिला आणि त्या बिचाऱ्या निर्धास्त झाल्या. हे पत्र त्या दिलाशाविषयी आहे.

आपल्या खात्यात सचिव हाताखालच्या अधिकाऱ्याची टिपणी बदलू शकतात. न्यायालयात ही उतरंड नसते. कोणते प्रकरण कोणत्या न्यायमूर्तींपुढे जावे, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. वकील मंडळी त्याला रोस्टर म्हणतात, आणि हा अधिकार मुख्य न्यायमूर्तींचाच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येही पुन्हा सांगितले. मात्र पीठावर बसल्यावर त्यांचे मतही इतर न्यायमूर्तींसारखे एकच मत धरले जाते. तिहेरी तलाकच्या २०१७ मधील निकालात खुद्द तत्कालीन सरन्यायाधीश तीन विरुद्ध दोन अशा अल्पमतात राहिले होते. स्वतः बसलेल्या पीठावर ज्यांचा शब्द अखेरचा ठरत नाही, ते दुसऱ्याच्या निकालात शब्द कसा टाकणार?

गोव्यात मोठे न्यायाधीश नेमके कोण, हा घोळ अधिक होतो, कारण आपल्याला स्वतंत्र उच्च न्यायालयच नाही. पूर्वीच्या न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयाची जागा ३० ऑक्टोबर १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने घेतली, आणि १९८७ मध्ये घटकराज्य झाल्यावरही ती व्यवस्था कायम राहिली. मुख्य न्यायमूर्ती मुंबईला असतात. पर्वरीच्या खंडपीठात कोणी बसायचे, हे तेच ठरवतात. जिल्ह्याला प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. खालच्या न्यायालयातील दावा दुसरीकडे वर्ग करण्याचा अधिकार त्यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ ने दिला आहे. पण पक्षकाराने अर्ज केला, तर समोरच्याला नोटीस देऊन आणि त्याचे ऐकून घेऊनच तो वापरावा लागतो. म्हणजे काकींना वाट आहे, आणि ती उघड अर्जाची आहे. तो अर्ज लिहायला वकील परवडत नसेल तरी अडत नाही, कारण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्या पुढाऱ्याने एवढे सांगितले असते तरी पुरे होते.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या सहकाऱ्यांनी न्यायाधीशांशी बोलण्याची आश्वासने देणे थांबवावे, असे आपण त्यांना स्पष्ट सांगावे. दिरंगाईची खरोखरच चिंता असेल, तर जिल्हा न्यायालयांतील पदांना मंजुरी आणि पैसा देणे सरकारच्याच हाती आहे. दुसरे, मुख्य न्यायाधीश काय करू शकतात आणि काय नाही, हे सांगणारे एक पान सोप्या मराठीत व कोकणीत छापून प्रत्येक तालुका विधी सेवा समितीत आणि पंचायतीत ठेवावे.

काकींची पुढची तारीख चतुर्थीनंतरची आहे. तोवर ते पान निघाले, तर मी त्यांना वाचून दाखवीन.

आपला,
एक गोमंतकीय नागरिक