फ्लशिंगच्या शेवटच्या स्थानकावरील अनोळखी मदतनिसांचे आभार

गणेश चतुर्थीच्या दिवशी न्यूयॉर्कमधील फ्लशिंग-मेन स्ट्रीट स्थानकाबाहेर माझ्या सासूबाईंना ज्यांनी मदत केली, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते. त्या गडबडीत कोणाचेही नाव विचारण्याचे भान मला राहिले नाही.

सात क्रमांकाच्या भुयारी रेल्वेचे हे पूर्वेकडील शेवटचे स्थानक १९२८ मध्ये सुरू झाले. शहराच्या क्वीन्स या भागात बहुतेक वेळ उंच पुलावरून धावणारी गाडी येथे येताना जमिनीखाली शिरते. पुढे जाण्यासाठी बसगाड्या पुष्कळ आहेत, परंतु त्यांचे थांबे मेन स्ट्रीट, रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू आणि आसपासच्या रस्त्यांवर विखुरलेले असल्यामुळे भलत्याच जिन्याने वर आलेला नवखा माणूस गोंधळतोच. गर्दीत आमची चुकामूक झाली ती अशीच.

फळांच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या एका वृद्ध चिनी बाईंनी सासूबाईंना हाताला धरून सावलीत बसवले, आणि एका विद्यार्थ्याने त्यांच्याजवळची चिठ्ठी वाचून मला फोन केला. सासूबाईंचे इंग्रजी चार शब्दांचे, त्या बाईंचे बहुधा त्याहून कमी. तरीही मी पोहोचले तेव्हा दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या! पुढे बसचालकांनी बसची पुढची बाजू खाली झुकवून, सासूबाई आसनावर नीट बसेपर्यंत गाडी हलवली नाही.

बाऊन स्ट्रीटवरील मंदिरात दर्शन झाल्यावर मी मोदक घेऊन त्या दुकानापाशी परत गेले, पण त्या बाई तोवर निघून गेल्या होत्या.