मॉल वाढतोय, फुटपाथ कधी वाढणार?

संपादक साहेब,

लोअर परळचा फिनिक्स मॉल वाढत वाढत कुठच्या कुठे गेला. मूळची 1905 ची कापड गिरणी, 1982 च्या संपात सगळ्याच गिरण्यांचं कंबरडं मोडलं, मग इथे दुकानं आली, पुढे त्याच आवारात पॅलेडियम हा महागड्या ब्रँडचा मॉल आला. मॉल नको असं अजिबात म्हणत नाही, एसीत फिरायला आम्हालाही आवडतं आणि गिरणगावातली पोरं तिथे कामाला आहेतच. पण 1991 चा नियम असा होता की गिरणीची जमीन साधारण तिघांत वाटायची, पालिका (मैदानांसाठी), म्हाडा (घरांसाठी) आणि मालक, 2001 ला तो बदलून वाटणी फक्त मोकळ्या जागेची ठेवली, बांधकामाखालची जमीन बाहेर, म्हणजे मैदानं आणि कामगारांच्या घरांच्या वाट्याला चिंचोके!

आता शनिवारी संध्याकाळी सेनापती बापट मार्गावर या, पार्किंगमधून निघणाऱ्या गाड्या, मधेच उभ्या टॅक्स्या, फुटपाथवर डिलिव्हरीवाल्यांच्या बाइक आणि आजीआजोबा रस्त्यातून चालतायत. मॉल कुठलाही असो, पुढचा वाढीव मजला मंजूर करण्याआधी स्टेशनपर्यंतचा फुटपाथ मोकळा करून घ्या, एवढंच मागणं आहे.

– एक वाचक, डिलाईल रोड