होळीच्या आठवड्यात ये

ठाणे,
२२ नोव्हेंबर

प्रिय चिऊ,

तुझं पत्र ऐन दिवाळीत आलं, पण मी तेव्हा शहापूरकडच्या पाड्यावर होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. पुढच्या मे महिन्यात पाणलोटाची (डोंगरउतारावर पावसाचं पाणी अडवून मुरवायच्या कामाची) इंटर्नशिप करू की प्रयोगशाळेतली बघू, असं तू विचारलंस. यंदाच्या उन्हाळ्यात मी त्याच पाड्यावर सहा आठवडे पाणलोटाची केली. नुसतं ‘कर’ म्हणून मोकळं होणं मला जमेना, म्हणून सगळं लिहून काढते.

ठाण्याहून आसनगाव लोकल, पुढे जीप आणि शेवटचे दोन किलोमीटर पायी. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं याच शहापूर तालुक्यातली. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. आपल्या ठाणे महापालिकेची स्वतःची योजनाही भातसा नदीवरच, पिसे इथून पाणी उचलते. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. पेपरात हे मी दरवर्षी वाचायचे. पण पहाटे तीनला विहिरीच्या तळाशी उतरलेली बाई वाटीवाटीनं हंडा भरत असते, तेव्हा वाटी कातळावर खरवडल्याचा आवाज वर येतो. नौपाड्यातल्या घरी नळ सोडला की अजून तो आवाज माझ्या कानात येतो, चिऊ.

पाऊस तिथे २,५०० मिलिमीटरच्या आसपास. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं, म्हणजे वर्षाला हेक्टरी अडीच कोटी लिटर. हा हिशेब मी तीनदा करून पाहिला. पण सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, उतार तीव्र, माती वीतभर आणि खाली काळा पाषाण. जिथे भेगा आहेत तिथे मुरतं तेवढंच आपलं, बाकीचं ओढ्यानं नदीला आणि नदीनं खाडीला.

कामाची सुरुवात ए-फ्रेमनं झाली. इंग्रजी ‘ए’सारखे बांधलेले तीन बांबू आणि टोकापासून सोडलेली दगड बांधलेली दोरी. दोरी आडव्या बांबूला टेकते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशी पावलं टाकत चुन्यानं रेघ मारायची आणि त्या रेघेवर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल समतल चर खणायचा, माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची. एक मीटर चर एकदा भरला की १८० लिटर पाणी थांबतं. पुस्तकात काम ‘माथा ते पायथा’ करायचं असतं, पण डोंगराचा माथा वनखात्याचा, परवानगीशिवाय तिथे कुदळ लावता येत नाही. त्यामुळे आम्ही खालच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवरच काम केलं.

माझ्या हातून तिथे एक चूक झाली. तिसऱ्या आठवड्यात आडव्या बांबूची गाठ सुटली. मी ती घट्ट बांधली, पण मधली खूण पुन्हा तपासली नाही. वीसेक मीटर रेघ उताराला लागली. शेजारी खणणारे एक आजोबा म्हणाले, “पोरी, पाणी हिकडं पळंल.” मी दोरीकडे बोट दाखवलं. जूनच्या पहिल्याच सरीला सगळं पाणी चराच्या त्या टोकाला गोळा झालं, बांध फुटला आणि खालच्या नाचणीच्या राबावर, म्हणजे रोपांसाठी भाजून ठेवलेल्या वाफ्यावर माती गेली. माझ्या चुकीपायी कुणाचा तरी राब गेला. आजोबा काही बोलले नाहीत, आमच्याबरोबर चर बुजवायला उतरले.

पण खरं मला सांगायचंय ते ‘जनजागृती’बद्दल. आमच्या वेळापत्रकात त्याला आठवड्याचे दोन दिवस होते. आम्ही तक्ते रंगवले, शाळेच्या ओट्यावर सकाळी अकराला सभा ठेवली. चार बाप्ये आले आणि पंधरा पोरं. बाया रात्रभर विहिरीवर नंबर लावून दमलेल्या, त्या कशा येणार? मग आम्हीच पहाटे विहिरीवर जाऊन बसलो. तिथे एका मावशींनी विचारलं, “चर आमच्या जमिनीत खणायचं आणि पाणी लागणार खालच्या आळीच्या विहिरीला. मग आमच्या पोरींनी हंडं घेऊन तिथंच जायचं ना?”

चिऊ, माझ्याकडे उत्तर नव्हतं. उतार, माती, पाऊस सगळं मोजलं होतं, पण पाणी कुणाच्या वाट्याला जाणार हे कुणी काढलंच नव्हतं. मग मला विलासराव साळुंखे आठवले. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा, आणि भूमिहीनालाही तो असायचा. हे मी विहिरीच्या काठावर बसून सांगितलं. पुढच्या चार पहाटा त्या बायांचं त्यावरच बोलणं चाललं. शेवटी त्यांनीच ठरवलं की खालच्या आळीनं वर खणायला यायचं आणि उन्हाळ्यात वरच्या घरांना खालच्या विहिरीवर पाळी द्यायची. माझ्या मते सहा आठवड्यांतलं पाणलोटाचं सगळ्यात मोठं काम ते झालं, आणि अहवालात त्याला रकानाच नव्हता.

आणखी एक मनापासून खटकतं. आमच्या संस्थेनं प्रमाणपत्रं जूनच्या पहिल्या आठवड्यात दिली, म्हणजे पाऊस लागायच्या तोंडावर मुलं घरी. खड्डे खणून पाहिले, पाणी मुरलेलं पाहिलंच नाही. मी जुलैत शनिवारी शनिवारी स्वखर्चानं गेले. विहीर काठोकाठ भरली होती आणि मी हरखले, तर मावशी म्हणाल्या, “ही दर साली भरती.” कोकणात जुलैची विहीर काहीच सांगत नाही. खरी परीक्षा पाऊस गेल्यावर.

म्हणून दिवाळीत वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यात गोण्यांचा तात्पुरता बांध, घालायला गेले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आम्ही घोडबंदर रोडच्या बांधकामांवरून मागून घेतल्या, झटकल्या, गठ्ठे बांधून लोकलनं नेल्या. ओढ्याची धार बारीक झाली की गोण्यांत माती-वाळू भरायची, सुतळीनं तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधेमोड करत रचायची. दुपारपर्यंत पाणी गुडघ्याला आलं. गुरं आधी आली, मग पोरं.

तर मे महिन्यासाठी अर्ज जरूर कर, पण त्याआधी मार्चमध्ये, होळीच्या आठवड्यात माझ्याबरोबर चल. होळीला विहिरीचा तळ दिसतो असं तिथल्या सगळ्या बाया सांगतात. यंदा दिसतो का ते टेप सोडून मोजायचंय. मेमध्ये आम्ही मोजलेला आकडा वहीत आहे. मावशींनाही सांगून ठेवलंय की मैत्रिणीला आणते.

काकूंना नमस्कार. येताना मोठी बॅटरी आण, पहाटेच्या अंधारात मोबाइलचा उजेड विहिरीच्या तळापर्यंत पोचत नाही.

तुझीच,
माऊ